व्हॉल्व्ह लीक आहे

बाबा, आज वर्गात गंमत झाली. सकाळीच सगळ्यांनी पेपर फुटल्याची बातमी वाचली होती आणि एका मुलीने वहीत सरळ ‘द पेपर ब्रोक’ लिहून टाकलं. मी हसून ‘लीक’ शब्द सांगितला. तर ती म्हणते, “मॅडम, मग लीकला मराठीत काय म्हणायचं?” मी फळ्यासमोर अडकले. पत्रा गळतो, माठ पाझरतो, पेपर फुटतो, घरातली गोष्ट बाहेर जाते. इंग्रजीवाले एका शब्दात मोकळे होतात.

तुम्हीही व्हायचात. सिरसाळ्याच्या दुकानात पाण्याच्या मोटारी दुरुस्त करताना पाइप लीक, ट्यूब लीक, आणि पोटात एकही गोष्ट न राहणारे शेजारचे काका, “ते तर लईच लीक हायेत!”

म्हणूनच अंबाजोगाईच्या डॉक्टरांनी तुमच्या हृदयाचा व्हॉल्व्ह लीक आहे म्हटलं, तेव्हा तुम्ही घाबरला नाहीत. उलट चेहरा खुलला. “वायसर गेलं असंल,” तुम्ही त्यांनाच म्हणालात. घरी आई भाकरी थापतेय आणि तुम्ही दारातूनच सांगताय, “काई न्हाई, थोडं लीक हाय. मोटार चालू हाय ना?” ती चिडते, “हसता कावून? डॉक्टर काय येडा हाय का?” मोठ्या दवाखान्यात जायचं तुम्ही ढकलत राहिलात. उन्हाळ्याचं काम उरकू दे, म्हणालात, आणि त्याच उन्हाळ्यात दुकानात काम करता करता गेलात. मला अजून तुमचा राग येतो. शब्द ओळखीचा निघाला, म्हणून आजारही ओळखीचा वाटला तुम्हाला.

मागच्या आठवड्यात मला जिना चढताना दम लागला. डॉक्टर दुसरे, शब्द तोच. ऑपरेशन लवकर करा म्हणतात. मी म्हटलं, मुलांच्या परीक्षा होऊ देत. घरी ह्यांना ॲसिडिटी सांगितली.

आई आता माझ्याकडेच असते. संध्याकाळी तिने विचारलं, “दवाखान्यात काय म्हणले?” मी हसून म्हटलं, “काही नाही गं.” तिने गॅस बंद केला, म्हणाली, “तुज्या बापानंबी असंच हसत सांगितलं व्हतं.”

हे पत्र कुठल्या पेटीत टाकणार? ती अजून स्वयंपाकघरात आहे, न जेवता बसलीय. तिला जाऊन सांगते. पण त्याआधी तुम्हाला एक सांगायचं होतं, बाबा. मला लई भीती वाटतेय.