सुकवलेल्या पाल्याचा तक्ता

प्रिय लंबू,

तुझे तिन्ही मेसेज पोचले. उत्तर दिलं नाही, कारण काय लिहायचं ते सुचत नव्हतं, आणि फोन मी मुद्दामच उचलला नाही. आज रविवार. बाबा जेवून झोपलेत, धुणं वाळत घातलंय, म्हणून भर दुपारी लिहायला बसले आहे. आधी बाबांचं सांगते. पक्षाघाताचा झटका येऊन पाच आठवडे झाले. उजवा हात अजून हलत नाही. पाय थोडं ऐकतो, धरून उभं केलं तर दारापर्यंत येतात. बोलणं म्हणजे फक्त एक 'हं'. पण कळतं सगळं, आणि खवचटपणा जागच्या जागी आहे. व्यायाम करून घ्यायला ज्या बाई येतात, त्यांच्या शर्टाची बाही खांद्यात चुकली आहे हे बाबांनी मला डोळ्यांनी दाखवलं. त्या बाई म्हणतात, जे परत यायचं ते बहुतेक पहिल्या तीन महिन्यांत येतं, तेवढ्या काळात घरच्या माणसांनी जवळ असावं, सारखं बोलत राहावं. घरची माणसं म्हणजे तू आणि मी. माझं बोलणं त्यांना आता पाठ झालंय. तू आलास तर फरक पडेल, आणि तू लिहितोस की कोणत्या तोंडानं येऊ.

माझं विचारशील तर ठीक आहे. खरंच ठीक आहे, आणि तेच विचित्र वाटतं. दवाखान्यात मी रडले नाही, घरी आल्यावरही नाही. लॅबमध्ये कामावर जाते, नमुन्यांवर नंबर टाकते, डबा खाते, त्यात काय होतं ते संध्याकाळी आठवत नाही. दात काढताना बधिर करतात तसं काहीतरी आतून झालंय. माझ्या हाताखालच्या नव्या केमिस्टनं विचारलं, मॅडम, सुट्टी का घेत नाही, तर मी त्याला त्याच्या वजनकाट्यावरची धूळ दाखवली. बिचारा पुसत बसला.

तुला तो पिठाचा आणि पाल्याचा वाद आठवत असेल. नसेल कसा, सुरू तूच केला होतास. बाबांच्या हृदयाची झडप बदलून चार महिने झाले होते. त्यांचं सगळं सुरळीत चालू होतं. सकाळी जवाच्या पिठाची पेज, संध्याकाळी तीच पेज, मध्ये शिवणकाम. घर शांत असलं की त्या धातूच्या झडपेची टिकटिक ऐकू यायची आणि ते म्हणायचे, आता माझ्यातच मशीन बसवलंय, तेल तेवढं कुठे घालायचं ते डॉक्टरांनी सांगितलं नाही. मी म्हणत होते, दोन वेळा पीठ काय खाता, हिरवं काही खा. तू फोनवरून बाबांची बाजू घेतलीस. पिठाच्या पाकिटावरचे आकडे वाचून दाखवलेस. शंभर ग्रॅम पिठात प्रथिनं दहा ग्रॅम, शंभर ग्रॅम पालकात जेमतेम तीन. लोह जवळपास सारखंच. मग म्हणालास, ताई, तुझ्या पाल्यात नुसतं पाणी आहे. बाबा इतके हसले की त्यांना ठसका लागला. माझ्या धंद्यातल्या गोष्टीवरून तुम्ही दोघांनी मला खुळ्यात काढलं, ते मला लागलं, हे आता सांगते.

तुझी तुलना चुकीची होती, हे आजही म्हणेन. पीठ मुळात कोरडं, आणि पाल्यात शंभरातले नव्वद ग्रॅम पाणी. एकाचं वजन ओल्या कपड्यांसकट करायचं आणि दुसऱ्याचं कपड्यांशिवाय, त्यातला प्रकार. आमच्याकडे कुठलाही नमुना आला की आधी ओव्हनमध्ये सुकवतात, वजन घटायचं थांबेपर्यंत, आणि मग मोजतात. मी तेच केलं. घरातलं पीठ आणि बाजारातली पालकाची जुडी कामावर नेली, दोन्ही वाळवली. पालकाची बशीत चिमूटभर पूड उरली. मग एकेक तपासलं, प्रथिनं, लोह, चुना म्हणजे कॅल्शियम, तंतू, आणि तक्ता केला. कोरड्याला कोरडं लावल्यावर पाल्यानं पिठाला जवळजवळ सगळीकडे मागे टाकलं. चुन्यात तर कितीतरी पटीनं. त्या लोहातलं अंगी लागतं थोडंच, हे मला माहीत होतं, पण तक्त्यात मी ते लिहिलं नाही. लिहिलं असतं तर तुझ्या हातात कोलीत मिळालं असतं.

बाबांनी तो तक्ता दोनदा वाचला आणि स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दारावर टाचण्यांनी लावला, चारही कोपरे सरळ. त्यांचा स्वभाव तुला ठाऊक आहे. कागदावर माप लिहून दिलं की त्यात सुतभर फरक करणार नाहीत. गिऱ्हाईक जाड झालेलं समोर दिसत असलं तरी वहीतल्या मापाचाच कोट शिवतील. त्यांनी तक्त्याखाली खडूनं हिशोब मांडला, की वाटीभर पिठाच्या जागी कोरडा पाला तेवढाच हवा, तर ओला किती लागेल. एक किलो आला. एवढा माणसाला जात नाही म्हणून अर्ध्यावर तडजोड केली. रोज अर्धा किलो पालक, शिजवून, दोन वेळा. पेज बंद. भाजीवालीनं मला विचारलं की घरात शेळी पाळलीय का. मी हा विनोद तुला कळवला, तू हसऱ्या तोंडांची रांग पाठवलीस आणि हार कबूल केलीस. मला फार बरं वाटलं होतं.

असं तीन आठवडे चाललं. मग तो सकाळचा फोन. तू म्हणालास, बाबा, हात थरथरतो, आता मशीन बंद करा, माझ्याकडे येऊन राहा. ते म्हणाले, तू तुझं बघ. तू म्हणालास, कोट शिवता शिवता एक दिवस तिथेच पडाल. त्यांनी फोन ठेवला. तीन तासांनी ते कापायच्या टेबलापाशी खाली बसले आणि त्यांना उठता येईना. समोरच्या इस्त्रीवाल्या काकूंनी पाहिलं, आणि त्याच काकूंनी तुला सांगितलं की सकाळी तुझ्याशी बोलल्यापासून ते फार चिडलेले होते. काकू खोटं बोलल्या नाहीत. चिडले होतेच. पण बाबा तुझ्यावर कधी चिडलेले नसायचे? तू दहावीनंतर गणित सोडून चित्रकला घेतलीस तेव्हा ते आठ दिवस बोलले नव्हते, आणि नवव्या दिवशी तुझ्यासाठी रंग ठेवायला खिसे असलेला डगला शिवला होता. रागानं त्यांना काही होत नाही.

तिसऱ्या दिवशी हृदयाच्या डॉक्टरांनी मला खोलीत बोलावलं आणि विचारलं, एवढ्यात खाण्यात काही बदल केला का. धातूच्या झडपेवर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून बाबांना रक्त पातळ ठेवायची गोळी होती. हिरव्या पाल्यात 'के' जीवनसत्त्व भरपूर असतं, ते एकदम वाढलं की गोळीचा जोर कमी होतो. गुठळी झाली, सुटली आणि डोक्यात गेली. पुढच्याच मंगळवारी रक्ताची महिन्याची तपासणी होती, त्यात कळलं असतं. पालेभाजी रोज सारख्याच प्रमाणात खा, एकदम वाढवू नका, असं झडपेच्या ऑपरेशननंतर घरी सोडताना दिलेल्या कागदावर सातव्या नंबरला लिहिलं होतं. तो कागद मीच वाचला होता आणि मीच फाइलला लावला होता. माझ्या तक्त्यात 'के'चा रकाना नव्हता, कारण ते मोजायचं यंत्र आमच्याकडे नाही. जे मोजता येत नव्हतं ते मी विचारातच घेतलं नाही. तपासलं नाही म्हणजे नाही असं होत नाही, हे मी दर वर्षी नव्या मुलांना पहिल्याच दिवशी शिकवते. घरी मला फक्त जिंकायचं होतं.

लंबू, त्याच संध्याकाळी तुझा फोन आला. तू रडत होतास, आणि विचारलंस, ताई, माझ्यामुळे झालं का. मला दोन तासांपूर्वी खरं कारण कळलेलं होतं. मी म्हणाले, आता ते बोलून काय उपयोग. तू त्याचा अर्थ 'हो' असा घेतलास. तसाच घेशील हे मला कळत होतं, आणि मी फोन ठेवला. तुझ्यामुळे झालं नाही. माझ्यामुळे झालं. आणि पाच आठवडे मी ते तुझ्या डोक्यावर राहू दिलं, कारण तुझ्यावर होतं तोवर ते माझ्यावर नव्हतं. काल सकाळी दाढी करून देताना बाबांना सगळं सांगितलं, तक्ता, तो कागद, तुझा फोन, माझं उत्तर. वाटलं होतं तोंड फिरवतील. पालकाचं ऐकताना ते नुसते बघत होते. तुझ्या फोनचं सांगितलं तेव्हा मात्र त्यांचा चेहरा बदलला. माझ्या हातातला वस्तरा त्यांनी डाव्या हातानं बाजूला सारला आणि फोनकडे बोट केलं, अर्धी दाढी साबणात तशीच. मी हलले नाही, तर पुन्हा केलं. फोनवर मला हे बोलता आलं नसतं, म्हणून लिहिते आहे. माझ्याशी बोलू नकोस वाटलं तर बोलू नकोस. पण ये, ते वाट बघताहेत.

तुझीच,
ताई