माझ्या सुऱ्या, माझे पैसे

वर्तकनगर, ठाणे
९ मार्च २०२५

ती. दादास,

सगुणाचा नमस्कार. वहिनीचे गुडघे बरे असतील अशी आशा आहे. माझा डोळा आता ठीक आहे. डॉक्टरांनी थेंब बंद केले, काळा चष्माही नको म्हणाले. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर वहिनीने मला कोपरीला ठेवून घेतलं, दहा दिवस हातात गरम ताट दिलं, खाली वाकू दिलं नाही. तिचे उपकार मी विसरणार नाही. एवढं तिला वाचून दाखव. पुढचं एकट्याने वाच.

मी फोन उचलत नाही म्हणून तू चिडला आहेस, असं तुझ्या लेकीने, मेघालीने कळवलं. फोनवर तू मला एक वाक्य पूर्ण करू देत नाहीस. लहानपणापासून देत नाहीस. कागदावर तुला मध्ये बोलता येणार नाही, म्हणून लिहिते.

माझ्या सुऱ्या कुठे आहेत?

उत्तर मला ठाऊक आहे. तरी विचारते, कारण तू मला ते स्वतःच्या तोंडाने अजून सांगितलेलं नाहीस. मी तुझ्या घरी एका डोळ्यावर पट्टी बांधून पडले होते, तेव्हा तुझा यज्ञेश "आत्या, तुळशीला पाणी घालून येतो" म्हणून माझी किल्ली घेऊन गेला. कपाटाचे तिन्ही खण रिकामे केले. कल्याणच्या कुठल्या तरी जुन्या सामानवाल्याला सगळ्या सुऱ्या एकगठ्ठा अठरा हजारांना दिल्या. मी घरी आले, खण उघडला, आत नुसतं मखमलीचं कापड. घडी नीट घातलेली. चोराने घडी घातली नसती रे. म्हणून तिथेच कळलं की हे घरच्याच कोणाचं तरी काम आहे.

मी यज्ञेशला फोन केला. तो म्हणतो, "आत्या, तू टेन्शन नको ना घेऊ. पैसे तुझ्याच अकाउंटला टाकलेत. पप्पांशी बोलून केलंय सगळं. एकटी बाई, घरात एवढी हत्यारं, उद्या पोलीस आले तर?"

पोलीस कशाला येतील? एकाही सुरीचं पातं नऊ इंचांच्या वर नव्हतं. पहिली सुरी घेण्याआधी मी कायदा वाचला होता. यज्ञेशने कायदा वाचला नाही, माझं कपाट उघडलं. आणि हत्यारं म्हणे! कच्छची पितळी मुठीची सुरी, नेपाळची वीतभर खुकरी, जपानी लोकांची भाजी चिरायची सुरी, जी मी दोन वर्षांत एकदाच टोमॅटोवर चालवली आणि त्या टोमॅटोला कळलंसुद्धा नाही. आपली आय आयुष्यभर चेंदणीच्या बाजारात बसून घोळ आणि सुरमई कापत होती. तिला कोणी हत्यारबंद म्हटलं नाही.

आता खर्चाचं. जानेवारीत डोंबिवलीला यज्ञेशच्या नव्या घरी आपण सगळे जेवायला जमलो होतो, तो रविवार आठवतो ना? मी पर्समधून म्यानातली सुरी काढून टेबलावर ठेवली. चांदी मढवलेली मूठ, टोकाला पोपटाचं डोकं, बारीक साखळ्या. मेघालीने हातात घेतली, म्हणाली, "वॉव, आत्या, कितीची?" मी खरं सांगितलं. बेचाळीस हजार.

वहिनीच्या हातातली वाटी हातातच राहिली. "यवरे पैशे? कनाला गो?" एवढे कशाला, असं ती बिचारी घाबरून म्हणाली, तिचा राग नाही. तू मात्र ताट सरकवलंस. "सुऱ्यांवर माणसाने किती खर्च करायचा, याला काही लिमिट आहे की नाही? डोकं फिरलंय का तुझं? रिटायर झालीस म्हणून पैसे उडवणार?" नवी सून, तिची आई, शेजारची दोन माणसं, सगळ्यांसमोर. मी सुरी म्यानात घातली, पर्समध्ये ठेवली आणि भात संपवला. काही बोलले नाही. त्याचा मला आजही राग येतो. तुझा येतो त्याहून जास्त माझा येतो.

तेव्हा दिलं नाही ते उत्तर आज देते. वागळे इस्टेटमध्ये एकाच कंपनीच्या अकाउंट्समध्ये मी सगळी नोकरी काढली. फंडाचे पैसे आले त्यातून आधी औषधपाण्याचे बाजूला काढले, मग घरदुरुस्तीचे. उरलेल्याच्या व्याजातून मी सुऱ्या घेते. कर्ज नाही, उसनवारी नाही, कोणाच्या घासातलं नाही. वर्षाला एक मोठी खरेदी, बाकी किरकोळ. महाग वस्तू दिसली तर महिनाभर थांबायचं, महिन्यानंतरही ती डोळ्यांसमोरून हलली नाही तर घ्यायची. तू यज्ञेशच्या लग्नात आकाशात कॅमेरा उडवलास. तुझ्या दारातली गाडी गणपती आणि होळी सोडून किती वेळा बाहेर निघते? मी कधी लिमिट विचारलं? ती तुझी हौस आहे, तुझ्या पैशांची आहे, म्हणून मी त्या गाडीला हार घातला आणि पेढा खाल्ला.

मला एकदा एका ओळखीच्या माणसाने सांगितलं होतं, किती खर्च करावा ते. मी नवीनच जमवायला लागले होते. पुण्यात सुऱ्यांचं एक प्रदर्शन होतं, तिथे मी एका टेबलापाशी अडून राहिले होते, ते तिथेच भेटले. त्यांना विचारलं, हे सगळं करताना माणसाने थांबायचं कुठे? ते म्हणाले, "ज्या किमतीला घरी खोटं बोलावंसं वाटेल, तिच्या आधी." मला हे फार पटलं. त्या रविवारी मी आकडा कमी करून सांगू शकले असते. पाच हजार म्हटलं असतं तर तू हसून पुढची चपाती घेतली असतीस. खरा सांगितला, कारण मला त्याची लाज नव्हती.

तो ओळखीचा माणूस कोण, हे तुला माहीत आहे. मी उगाच आडून लिहिते आहे.

शिवराम साबळे. कल्याणला मुलगा-सुनेजवळ राहतात. बायको जाऊन आठ वर्षं झाली. हे मी तुला सांगायची गरज नाही, तू त्यांच्या घरी जाऊन आलास. मला न सांगता.

ऑपरेशनच्या दिवसांत एक डोळा पट्टीखाली आणि दुसरा अंधूक, म्हणून माझे मेसेज मेघाली वाचून दाखवत होती. मी तिच्यावर विश्वास टाकला, मुलीसारखी म्हणून. तिने सगळे वाचून दाखवले नाहीत. काही तुला वाचून दाखवले. साबळ्यांचा फोन रोज संध्याकाळी यायचा, तो चौथ्या दिवसापासून बंद झाला. मला वाटलं, आजारी बाईला त्रास नको म्हणून करत नसतील. मी तुझ्याच हॉलमध्ये बसून तुला म्हटलं, "दादा, कोणाचा फोन नाही आला ना?" तू पेपरमधून मान वर न करता म्हणालास, "कोणाचा येणार?"

सुऱ्या गेल्याचं कळल्यावर मी सरळ कल्याण गाठलं. वाटलं, साबळे त्या व्यापाऱ्याला ओळखत असतील, निदान चार-दोन तरी परत मिळतील. दार त्यांच्या सुनेने उघडलं. समृद्धी तिचं नाव, फार गोड मुलगी. मला बघून तिचा चेहरा पडला. "आत्या, बाबा आत आहेत, पण..." असं म्हणून ती बाजूला झाली.

साबळे बाहेर आले, बसले, माझ्या डोळ्याची चौकशी केली. मी सुऱ्यांचं सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाले, "सगुणाबाई, व्यापाऱ्याकडे तुम्ही एकट्या जा. माझं नाव सांगू नका. पुन्हा कोणी म्हणायला नको, मीच विकत घ्यायला लावल्या आणि मीच विकल्या."

"असं कोण म्हणालं?"

समृद्धी दारातून बोलली. रडत बोलली. तू आणि यज्ञेश कसे आलात, पाणीही न घेता उभ्याउभ्या कसं विचारलंत, "माझ्या बहिणीच्या फ्लॅटवर नाव कधी चढवताय?" नातवंडं समोर अभ्यास करत होती. त्या माणसाला त्याच्या नातवंडांसमोर तू भुरटा ठरवलंस, दादा. म्हणालास, "बाईला सुऱ्यांचा नाद लावला, आता घराकडे डोळा आहे."

तेव्हा मला सगळं लख्ख दिसलं. डॉक्टरांनी काढलेल्या मोतीबिंदूपेक्षा जाड पडदा होता तो. बेचाळीस हजारांचं तुला काहीच नव्हतं. माझ्या एका खोलीच्या, स्वयंपाकघराच्या आणि वर्तकनगरच्या पत्त्याच्या जागेचं होतं. मी सुऱ्यांवर किती खर्च करते, हे तू मोजत नव्हतास. यज्ञेशला मागे किती उरेल, हे मोजत होतास. मी मरायच्या आधीच!

आता जे त्या रविवारी सांगणार होते ते ऐक. सुरी मी नुसती दाखवायला आणली नव्हती. ती कर्नाटकातल्या कोडगूच्या लोकांची पिचेकत्ती आहे, तिकडे लग्नात नवरदेव ती कमरेला लावतो. मेघालीने विचारलं असतं की ही कशाला वापरतात, तर मी हे सांगणार होते, आणि मग पुढचं सांगणार होते: साबळे आणि मी एकत्र राहायचं ठरवतो आहोत. मी विचारलं त्यांना, त्यांनी नाही. त्यांना हो म्हणायला तीन आठवडे लागले. मी साठ वर्षांची बाई, वाक्य पाठ करून आले होते, शाळेतल्या मुलीसारखं. मेघालीने किंमत विचारली आणि ते वाक्य तसंच राहिलं.

सुऱ्यांसाठी मी त्या व्यापाऱ्याकडे एकटीच गेले. सगळ्या पुढे विकल्या होत्या, पिचेकत्ती पहिल्याच दिवशी. कोणाला, ते त्याने सांगितलं नाही. मी दुकानाबाहेर उभी राहून रडले. हे तुला कळावं म्हणून लिहिते, दया यावी म्हणून नाही.

पुढच्या आठवड्यात पुन्हा साबळ्यांकडे गेले. ते म्हणाले, "नको आता. तुमच्याकडे राहायला आलो तर रोज बेल वाजली की वाटेल, तुमचे दादा आले." मग मला त्यांचाही राग आला. खरंच आला. मी म्हटलं, "एका म्हाताऱ्याला दुसऱ्या म्हाताऱ्याने दम दिला आणि तुम्ही घाबरलात? मग माझ्याकडे येऊच नका. माझी जागा मी भाड्याने देते. कल्याणात दोघांच्या पेन्शनीतून भाड्याचं घर घेऊ. ना तुमच्या नावावर, ना माझ्या. दादाला म्हणावं, आता मोज."

ते इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसले. समृद्धीने आतून ओरडून विचारलं, "चहा टाकू ना?"

घर मिळालं आहे. दोन खोल्या, दुसरा मजला, खिडकीखाली लोहाराचं नाही, चष्म्याचं दुकान आहे, तेवढीच हळहळ. येत्या शनिवारी सामान हलवते. माझ्या जागेत एक नर्स मुलगी राहायला येते आहे, करार झाला. कुलूप बदललं आहे. पुढे त्या जागेचं काय करायचं ते मी ठरवेन, आणि ठरलं की तुला कळवेनच असं नाही. यज्ञेशने टाकलेले अठरा हजार मी त्याच्या खात्यात परत पाठवले. माझ्या सुऱ्यांची ती किंमत मला मान्य नाही.

मी पुन्हा सुऱ्या घेणार आहे. परवाच एक घेतली. किती दिले ते विचारू नकोस.

तुला माझ्याकडे यायचं असेल तर ये. पण आधी साबळ्यांशी बोल. त्यांच्या नातवंडांसमोर बोललास, तर माफीही त्यांच्याच समोर मागायची. यज्ञेशलाही घेऊन ये. मेघालीला म्हणावं, तिच्याशी मला अजून बोलता येणार नाही, वेळ लागेल. एवढं झालं की माझ्याशी काय बोलायचं ते बोल, मी ऐकून घेईन, आणि या वेळी वाक्य मी पूर्ण करेन. ते जमणार नसेल तर कोपरीतच सुखाने राहा. वहिनीला मी फोन करत जाईन, तो तिलाच दे.

तुझी धाकटी बहीण, वय वर्षे साठ,
सगुणा