काचेकडे तोंड केलेल्या पंपाबाबत

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, धंदा नळकाम (आता बंद), हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. कोणाच्याही दडपणाखाली नव्हे. उलट काही जणांच्या नाकावर टिच्चून. माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. तो का जोडावा लागला, ते आधी सांगते.

गेल्या वर्षी गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी मी इस्पितळात होते. माझ्या बैठकीच्या खोलीत खाऱ्या पाण्याची टाकी आहे, तीत जिवंत प्रवाळ आहेत. लाटा करणारा पंप मी समोरच्या काचेकडे तोंड करून बसवला होता. मुलाने तो पाहिला आणि डॉक्टरांना जाऊन सांगितले, "आईचं काही खरं नाही हो. पंपाची धार काचेवर मारतेय. घराच्या कागदांवर आता मीच सह्या केलेल्या बऱ्या." मग त्याने पंप 'सरळ' केला. चार दिवसांत मोठ्या प्रवाळाचे मऊ अंग सांगाड्यावरून सोलून निघाले.

तर न्यायालयाच्या माहितीसाठी: धार थेट प्रवाळावर सोडायची नसते. ती काचेवर आपटून फुटली पाहिजे. परतणारे पाणी प्रवाळाला हलवते. चाळीस वर्षे पाण्याशी भांडले आहे, एवढे मला कळते.

१. राहते घर मी सुनेला देते, एकटीला. इस्पितळात फोन तिचाच आला होता. "आई, ह्यांनी पंप फिरवलाय. सगळं गळून पडतंय. काय करू?"
"प्लग काढ. कोपरापर्यंत हात घाल आणि पंपाची मान काचेकडे वळव. वेग कमी ठेव."
"हे ओरडतील."
"ओरडू दे."
तो ओरडला. ती प्लगपाशी उभी राहिली, हलली नाही. उरलेले प्रवाळ तिच्यामुळे जगले. मुलाने त्या घरात खुशाल राहावे, तिने ठेवून घेतले तर.

२. टाकी आणि पंपही तिलाच. पंप दर महिन्याला व्हिनेगरच्या पाण्यात धुवावा. वायरीला प्लगच्या खाली झोळ ठेवावा, म्हणजे ओघळ प्लगात शिरत नाही. वीज गेली की बॅटरी आधी पंपाला. दिवे थांबू शकतात.

३. बँकेतील ठेव मुलाला. माझा त्याच्यावर जीव आहे, म्हणून तर एवढा राग येतो.

४. पाइप-पाने, आरी, पकडी सुनेला. शिकायचे नसेल तर विकाव्यात. माझे यजमान गेले आणि मी धंदा हाती घेतला, तेव्हा धाकटे दीर म्हणाले होते, "बाईमाणूस नळ दुरुस्त करणार? लोक हसतील." त्यांच्या मोरीतला नळ अजून गळतो. त्यांना एक रबरी वॉशर.

५. माझे डोके फिरले होते असे म्हणत कोणी हे कागद न्यायालयात नेले, तर न्यायाधीशांना विनंती: त्याला एक टाकी, एक पंप आणि एक जिवंत प्रवाळ द्यावे. त्याला वाटेल तसा पंप बसवू द्यावा. आठवड्याने प्रवाळाची साक्ष काढावी.

६. मी गेल्यावर खोलीत माणसे जमतील. कोणीतरी म्हणेलच, "अहो, ती पंपाची घरघर तरी बंद करा, घरात काय झालंय!" सूनबाई, बंद करू नकोस. मला त्रास होणार नाही.

सही: (स्वहस्ते)
साक्षीदार: १. दाखला देणारे डॉक्टर
२. शोभेच्या माशांचे दुकानदार, ज्यांनी पंप विकला आणि तोंड कुठे करायचे ते मलाच विचारले
स्थळ: टाकीची खोली
दिनांक: ९ मार्च २०२३