दोन लाल बटणांचा दोष माझा

लिहून ठेवणार उत्तमराव जानराव आखाडे, वय ५३, धंदा रेडिओ दुरुस्ती, राहणार डोणगाव, तालुका मेहकर, जिल्हा बुलढाणा. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. आज सकाळी चष्म्याशिवाय सुई ओवून खात्री केली. कोणाची जबरदस्ती नाही. उलट सौ. वच्छलाबाई "असलं काऊन लिहून राह्यले?" म्हणून रागावल्या आहेत.

सन १९८७ चे माझे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात, धाकटा भाऊ शेषराव यास दुकानातला एक स्क्रूही देऊ नये, असे लिहिले होते.

कलम १. राहते घर व पोस्टातली बचत सौ. वच्छलाबाईंची. मुलगी कोकिळा हिला मर्फी रेडिओ. त्याच्या आत कोणी हात घालू नये.

कलम २. तलाठी कचेरीतले भालचंद्र कारकून यांचा ट्रान्झिस्टर दुरुस्त होऊन पडला आहे. न्यावा; पण "रेडिओ दुरुस्तीचं सर्टिफिकेट कुठे आहे?" हे पुन्हा विचारू नये.

कलम ३. दुकान व सर्व हत्यारे शेषरावास. कारण सविस्तर लिहितो.

मेहकरच्या मार्तंड सरांनी १९८६ साली संगणकावर खेळ खेळायचा दांडा, म्हणजे जॉयस्टिक, दुरुस्तीला दिली. तिची दोन लाल बटणे लागत नव्हती. आतल्या पट्ट्या मी घासल्या, तारा शेषरावाने सोल्डरने, म्हणजे कथील वितळवून, जोडल्या. तीन महिन्यांत बटणे पुन्हा बंद. मी भर बाजारात म्हणालो, "शेषाचं सोल्डर कच्चं." तो त्याच दिवशी दुकान सोडून गेला. आज विहिरीवरच्या जळक्या मोटारींत नवी तार भरून पोट भरतो.

गेल्या सोमवारी सरांनी तीच जॉयस्टिक परत आणली. भिंगाखाली पाहिली. सोल्डर शाबूत. पट्टीवर मात्र पॉलिश पेपरच्या रेघा, डाव्या हाताच्या. आणि डावखुरा मी. रेडिओची जाड पितळी पट्टी घासलेली चालते. जॉयस्टिकच्या पट्टीवर कांद्याच्या सालीएवढा पातळ मुलामा होता, तो मीच खरडला. उघडी पट्टी काळी पडणारच. जुन्या टेलिफोनच्या पट्ट्या कापून बसवल्या. दोन्ही बटणे दोनशे वेळा दाबली. एकदाही चुकली नाहीत.

काल शेषरावाकडे गेलो व सांगितले.

तो म्हणाला, "मले तवाच मालूम होतं, दादा."

"मंग बोलला काऊन नाही बे?"

"तू आयकणारा होता काय?"

या कलमाचा कच्चा खर्डा वाचून दाखवला, तर हसला. "म्हंजे तू मरशील तवा मी येऊ? उद्याच येतो. चहा मांडून ठेव."

सहा वर्षांनी छाती हलकी झाली. तो आज सकाळी आठला आला व कामाला बसला. सबब कलम ३ साठी माझ्या मरणाची वाट पाहण्याचे कारण उरलेले नाही; ते आजपासून लागू.

सही : उत्तमराव जानराव आखाडे

साक्षीदार :
१. मार्तंड सर, मेहकर
२. दयाराम उकंडराव खराटे, डोणगाव

डोणगाव, दि. १९ नोव्हेंबर १९९२