सरकीच्या ढिगावरून समुद्रात

बाबा, माणसाला लाटेवर उभं राहता येतं. तुम्ही असता तर म्हणाला असता, "काहून? खाली जागा नाई काय?" पण मोबाइलवर ते पहिल्यांदा पाहिलं आणि माझ्या डोक्यातून जाईना. जळालेली मोटर भरणं, कापसाच्या जिनचे रोलर बसवणं, नंतर आलेली कॉम्प्युटरवाली पॅनलं, सगळं मी उघडून पाहून शिकलो. हेही तसंच धरलं. अकोटच्या जिनिंगमध्ये, जेवणाच्या सुट्टीत, सरकीच्या ढिगावर फळी टाकून पालथा पडायचो आणि एका झटक्यात दोन पायांवर यायचो. पायाखालून सरकी सरकते, तसंच पाणी सरकत असेल, असा माझा अंदाज. हमाल म्हणायचे, "मिस्त्री, कंबर गेली का सांगजा, बाम चोळून देऊ." मी लक्ष दिलं नाही. अख्खा हिवाळा हेच केलं.

मग तुमच्या सुनेला घेऊन मालवणच्या पुढच्या एका गावी गेलो. काय गाव आहे बाबा. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र, मधे माडांची पट्टी, इतकी अरुंद की दोन्हीकडचं पाणी ऐकू येतं. दुकानदार दुपारी दुकान उघडं टाकून झोपतो. साबण पाहिजे तर आपणच घ्यायचा, त्याला उठवायचं नाही. होड्यांना टेकून लांब फळ्या उभ्या, त्यांच्या सावलीत कुत्री पसरलेली. मासे सुकवणाऱ्या बायका आणि ओल्या केसांनी हिंडणारी शहरातली पोरं एकाच बाकावर चहा पितात. संत्र्याच्या हंगामात आपल्याकडे मोर्शीला जी पळापळ असते, तिच्या नेमकं उलट.

शिकवणारी मुलगी तिथल्याच मासेमाराची, वीस-बावीस वर्षांची. तिने विचारलं, "काका, पवाक येता मां?" म्हणजे पोहता येतं ना. म्हटलं, "वलगावच्या विहिरीत शिकलो. तळ दिसत नव्हता." ती म्हणाली, "मगे भियाचा काय नाय. हयसर पाणी कमरेइतक्याच आसा." फळी नऊ फुटांची, वरून मऊ, खाली मागच्या टोकाला तीन पंख. फळीचा पट्टा तिने माझ्या घोट्याला बांधला आणि मला तुमचा दोर आठवला. तुम्ही विहिरीच्या काठावर उभे आहात, दोराचं एक टोक तुमच्या मुठीत, दुसरं माझ्या कमरेला. "वर आला का पयले ओ दे, मंग दम घे." मी खालून ओ देतो, तुम्ही वरून ओ देता, तेव्हा कुठे दुसरी उडी. ही सवय अंगात मुरली आहे, हे मलाच माहीत नव्हतं. पहिल्या लाटेने आपटलं, वर आलो आणि अख्ख्या किनाऱ्याला ऐकू जाईल असा ओ दिला. मुलगी धावत आली. "काय झाला, काका?" "काही नाही. वर आलो." पुन्हा पडलो, पुन्हा ओ. दुपारपर्यंत ती ओल्या केसांची पोरं आपापल्या फळीवरून उलट ओ द्यायला लागली. चेष्टाच होती. पण कोणी उत्तर दिलं की श्वास कसा खोल जातो, ते मी विसरून गेलो होतो.

उभं मात्र राहता येईना. सरकी नुसती खाली सरकते. लाट आधी मागून उचलते, मग सोडते. माझा झटका दर वेळी लवकर. दुसरा दिवसही तसाच सरत आला, आणि तिसऱ्या सकाळी आमची गाडी. तुमची सून वाळूत बसून म्हणते, "या ना आता बाहीर. समुद्र काई उद्या आटून नाई राह्यला." समुद्र राहील, पण पुढच्या वर्षी माझे गुडघे राहतील का? आणि हरून अकोटला जायचं कसं? मुलगी म्हणाली, "काका, तुमी पायाकडे बघतास. फळी खंय पळाची नाय. पुढे बघा, आणि मी सांगीन तेवाच उठा." दुसऱ्याने सांगितल्यावर उठायची मला सवय नाही. पण ऊन माडांच्या शेंड्यावर गेलं होतं. पालथा पडलो, समोर पाहिलं आणि कान मागे उभ्या असलेल्या तिच्याकडे लावले. लाटेने उचललं. माझे हात आवळले, तरी थांबलो. "उठा." मी उठलो.

बाबा, खालून पाणी पळत होतं आणि मी उभा होतो. दुरुस्त केलेली मशीन सुरू होते, सगळे पट्टे एका लयीत येतात आणि खडखड एकदम थांबते ना, तसं अंगभर झालं. तुमची सून उभी राहून पदर हलवत होती. मी हसत होतो, तोंडात खारं पाणी, आणि तरी हसणं थांबेना.

हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून जे झालं नेमकं तेच लिहितो. अकोटला हमालांना मी सांगितलं, पाणी छातीएवढं होतं आणि शिकवायला कोणी नव्हतं. उतरलो तेव्हा पाणी घोट्याच्या जरासं वर होतं. आणि ती पोरगी "उठा" म्हणाली नसती, तर मी अजून पालथाच पडलेलो असतो.