मी आणतो, मी आणते

७ फेब्रुवारी १९८३, पहाटे
सौ.ची कंबर धरली, म्हणून पाण्याच्या टँकरवर मी गेलो. तोंडाला पंचा गुंडाळला होता, कोणीही ओळखले नाही. फक्त नववीतल्या शिवकांताने ओळखले. गुरुजी, ठेवा ती घागर, मी आणतो, म्हणाली. घागर दिली. पण 'आणतो'? मुलगी असून?

८ फेब्रुवारी
ही पोरगी तालुक्यात धावण्यात पहिली आली तेव्हाच मला शंका आली होती. हिचे ऐकून बाकीच्या मुलीही 'येतो, जातो' करतात. लातूर नवा जिल्हा झालाय. जिल्ह्याचा पहिला आदर्श शिक्षक कोण, हे उघडच आहे. संकल्प: उन्हाळ्याच्या आत शाळेतल्या सर्व मुली स्त्रीलिंगी करणे.

१४ फेब्रुवारी
शिवकांताचे पळणे बंद. रांगोळीला बसवले. तिने खो-खोचे मैदान काढले.

२ मार्च
तिचे वडील ईश्वरप्पा, किराणा दुकानवाले, यांना बोलावले. म्हणतात, गुरुजी, आमच्या कन्नडात 'येतो' म्हणायला पोरगा बी 'बर्तीनी', पोरगी बी 'बर्तीनी'; घरची सवय हाय. मी बजावले, आज जीभ सुटली, उद्या पोरगी सुटेल. माणूस पांढरा पडला. माझ्या बोलण्यात वजन आहेच.

१९ मार्च
सक्सेस! आज 'येते' म्हणाली, खाली बघून. नंतर दिवसभर बोललीच नाही. बाकीच्या मुलीही चिडीचूप. अशी डिसिप्लिन जिल्ह्यात नसेल. सौ. म्हणाली, काय केलंत हो त्या लेकराला? बायकांना व्याकरणात गती नसते.

४ एप्रिल
ईश्वरप्पा लग्नपत्रिका घेऊन आले. तुम्ही टायमावर सांगितलं गुरुजी, न्हाईतर पोरगी हातची गेली असती, म्हणाले. मुलगा देगलूरचा, कापड दुकान. परीक्षा बुडेल, पण परीक्षा दरवर्षी असतात.
ते गेल्यावर शिवकांता दारात आली. अप्पांना सांगा की गुरुजी, मी शिकते, गप बसते, पळत न्हाई. एकही चूक नाही! डोळे भरून आले माझे. शाबासकी दिली. अप्पांना सांगायचे राहिले.

२५ एप्रिल
लातूरहून शिक्षण खात्याचे नवे साहेब अचानक आले. साहेब म्हणजे बाई निघाल्या, कोल्हापूरकडच्या. मी मुलींच्या प्रगतीचे भाषण सुरू केले. त्यांनी मध्येच शिवकांताला बोलवा म्हटले. तालुक्याला तिला पळताना बघितलं, लातूरच्या मुलींच्या क्रीडा वसतिगृहात न्यायलाच आलो, म्हणाल्या. 'आलो'.
सांगितले, गेल्या आठवड्यात लग्न झाले. बाई मैदानाकडे बघत राहिल्या. असं कसं झालं, विचारले. मी म्हणालो, सामाजिक वातावरण, मॅडम.
बरं, निघतो मी, म्हणाल्या आणि जीपमध्ये बसल्या. मी दुरुस्ती सुचवली नाही. पुरस्काराचाही विषय काढला नाही.
सौ.ची कंबर अजून तशीच आहे. उद्या टँकर लवकर येणार. मी आणतो.