ढगाळ दिवशी काढलेले डाग

४ मार्च

पोचलो एकदाचा! खोली माझ्या एकट्याची. खाट, टेबल, खिडकीतून टेकडीचा उतार आणि माथ्यावर घुमटाची पांढरी टोपी. कॉलेज दुसऱ्या वर्षात सोडल्यापासून (सोडलं म्हणजे, प्राध्यापकांच्या टेबलावर वही आपटून निघालो तो परत गेलोच नाही) ही तिसरी नोकरी. आधीच्या दोन्ही भांडणात गेल्या. ही टिकवायचीच. ताईच्या समोरच्या घरात राहते, त्या तिने अट घातलीय: सहा महिने एका जागी टिकून दाखव, मग घरी तुझं नाव काढते. ही वहीसुद्धा तिचीच. राग आला की माणसांवर ओरडू नकोस, हिच्यावर ओरड, म्हणाली.

काम ऐकून ताई फोनवर खो खो हसली. रोज सूर्याचं चित्र काढायचं, आणि त्याचा पगार देतात? देतात, ताई. तुझ्या नवऱ्याला देतात त्याहून बरा.

६ मार्च

वाटलं तितकं सोपं नाही. सकाळी नऊला घुमट उघडायचा. दुर्बिणीला डोळा लावायचा नाही, जन्माचा आंधळा होशील. सूर्याचं प्रतिबिंब मागच्या फळीवरच्या कागदावर पडतं, चांगलं ताटाएवढं. त्यातले डाग कठीण पेन्सिलीने जसेच्या तसे उतरवायचे. सूर्याच्या पोटातल्या चुंबकी रेषा पीळ खाऊन जिथे वर येतात तिथे डाग. काळा गाभा, भोवती करडी झालर. रोज थोडे उजवीकडे सरकतात, तेरा-चौदा दिवसांत कडेआड जातात. शंका आली तर कागद हलवायचा. कागदावरचा कचरा कागदाबरोबर सरकतो, सूर्याचा डाग जागचा हलत नाही.

हे शिकवलं इथल्या जुन्या निरीक्षकांनी, सगळे त्यांना काका म्हणतात. तीस वर्षं हेच करतायत. डाव्या हातात कायम हातमोजा. मला ‘भडक्या’ म्हणतात, कारण पहिल्याच दिवशी शिपायाशी माझं वाजलं. नियम एकच, म्हणाले: दिसेल तेच काढायचं. ढग असतील तर कोऱ्या कागदावर ‘ढगाळ’ लिहून सही करायची, अंदाजाचा ठिपकासुद्धा नको. मी म्हटलं, एक दिवस अंदाजाने काढलं तर सूर्य काय रुसून बसणार आहे? बाकी प्रत्येक विनोदाला हसणारे काका ह्याला हसले नाहीत.

८ मार्च

काकांच्या घरी डबा आणायला गेलो. त्यांच्या सगळ्या खिडक्यांच्या काचा आतून काळ्या रंगवल्यात. काकूंना उजेड सोसत नाही, एकोणीस वर्षं झाली. दाराच्या फटीतून नुसता आवाज आला: नवऱ्यापेक्षा सुबक काढतोस म्हणे, मग त्याला पाठव की घरी, पायाला तेल लावायला माणूस हवंय मला. मजेशीर बाई. डबा द्यायला हात बाहेर आला तो मनगटापर्यंत फडक्यात गुंडाळलेला.

११ मार्च

ढग. काका औषधं आणायला गावात गेलेत. मी ‘ढगाळ’ लिहिणारच होतो, इतक्यात ताईचा फोन. तिचं लग्न ठरलं. भावोजी समोरच्या घरातून ऐकून आले. ती हो म्हणाली.

तळपायाची आग मस्तकात गेली. फोन फेकला. ओरडायला माणूस नव्हतं, वही खोलीवर होती, समोर कोरा कागद. कालचे डाग अंदाजाने पुढे सरकवून काढले. मग डाव्या कडेजवळ तिच्या कानाखालचे तीन तीळ काढले. एक मोठा, दोन बारके. मला पाठ आहेत. मोठा घोटत राहिलो, घोटत राहिलो, शेवटी शिसं मोडलं आणि खालच्या बाजूला कागद फाटला. सही केली. शेजारच्या खोलीतल्या ऑपरेटरने नेहमीसारखा कागद यंत्रात घालून बाकीच्या वेधशाळांना पाठवूनही दिला.

आता बरं वाटतंय. सूर्य काय बघायला येतोय?

१२ मार्च

आकाश लख्ख. घुमट उघडला आणि पेन्सिल हातातून पडली.

तिन्ही आहेत. एक मोठा, दोन बारके. मोठ्याला खालून खाच, काल कागद फाटला तश्शी. कागद हलवला. डाग हलले नाहीत. भिंग पुसलं, फळी पुसली. तिथेच.

ऑपरेटरच्या दुसऱ्या यंत्रात सूर्यबिंबावर धातूची चकती येते, खग्रास ग्रहणात दिसतो तसा भोवतीचा कोरोना, तेजाचं कडं, दिसतो. त्याने हाक मारून दाखवलं. डाव्या कडेवर प्रकाशाच्या कमानी, एकीत एक. परवापर्यंत काही नव्हतं म्हणाला. एवढ्या उंच त्याने कधीच पाहिल्या नाहीत.

मुकाट्याने जे दिसलं ते काढलं.

१३ मार्च

ताईचा फोन. लग्नबिग्न काही ठरलेलं नाही. भावोजी अर्धंच ऐकून आले. स्थळ आलं होतं, ती नाही म्हणाली. बापासमोर उभं राहून माझं नाव घेतलं, सहा महिने व्हायच्या आधीच! मला नाचावंसं वाटलं.

मग ताई म्हणाली, कालपासून तिला बरं नाही. गालाला आग होते. कानाखाली.

१५ मार्च

डाग वाढतायत. गाभा दुप्पट झाला. काकांना वाटतंय अकराला ढग मध्येच फाटले असतील; पाठीवर थाप मारली. इतर तीन ठिकाणांहून विचारणा आलीय, सगळ्यांच्या एक दिवस आधी तू कसा पाहिलास? मी हसलो.

ताई सांगते, तिने खोलीतले पडदे ओढून घेतलेत. डॉक्टरांना काही सापडत नाही. गाल इतका तापतो की वरचं ओलं फडकं क्षणात वाळतं. तीळ मोठे झालेत. मोठ्याला खालून खाच पडलीय.

१६ मार्च

अकरा तारखेचा कागद कपाटातून काढून खोडला. खोडरबराने, मग ब्लेडने. डाग सूर्यावर तसेच. ऑपरेटर म्हणतो त्यात काय, आता सगळीकडे नोंद झालीय.

काकांना सगळं सांगितलं. वाटलं हसतील, किंवा हाकलतील. ते खाली बसले.

मग म्हणाले, एकोणीस वर्षांपूर्वी तेही असेच बसले होते. ढग, कोरा कागद, आदल्या रात्रीचं भांडण डोक्यात. बायकोच्या हातावरचा जन्मडाग काढला. साध्या चाळ्यासारखा. सूर्यावरचे डाग काही आठवड्यांत विरतात. तो विरला नाही. पलीकडे जातो आणि सत्तावीस दिवसांनी परत येतो. दरवेळी थोडा मोठा.

दिसताना काढलं तर ती नोंद, म्हणाले. न दिसता काढलं तर ते मागणं.

उपाय? एकच. पुन्हा ढगाळ दिवशी, त्याच डागाच्या जागी, स्वतःचं काही काढायचं. त्यांनी एकदा करंगळी काढली होती. मोजा उतरवून दाखवली. कोळसा. त्या महिन्यात काकूंचा हात करंगळीएवढा बरा झाला.

पुढे का नाही काढलंत, मी ओरडलो. कॉलर धरली त्यांची. म्हातारा रडायला लागला. म्हणाला, धीर नाही झाला रे. एकोणीस वर्षांत कितीतरी ढग आले.

१७ मार्च

आकाश कोरं. एक ढग नाही.

डाग मध्यावर येतायत. बरोबर आपल्याकडे तोंड. ऑपरेटर म्हणतो आता स्फोट झाला तर सरळ इकडे.

ती पलंगाखाली झोपते म्हणे. पलंगाखाली अंधार जास्त.

१८ मार्च

कोरं.

दुपारी दोनला स्फोट. फळीवर डागांच्या मध्ये पांढरी रेघ चमकली, मिनिटभर. मी डोळ्यांनी पाहिली. लगेच ताईला फोन लावला. तिच्या मागे कुणीतरी किंचाळत होतं. ताई म्हणाली, अरे, समोरच्या घरातून येतोय तो आवाज — इथवर —

तिचे केस जळाले. त्या बाजूचे.

१९ मार्च

कोरं. नऊपासून गच्चीवर उभा आहे. ढगासाठी. माणूस कशाकशासाठी हात जोडतो.

आज काढलं नाही. कागद कोरा ठेवला. काही फरक नाही — बाकीचे काढतायतच. सगळ्या जगात तिचे तीळ गिरवतायत, अचूक.

डॉक्टर म्हणाले, पुढचा असा झटका आला तर —

२० मार्च

ढग! चारी बाजूंनी.

काका दाराशी. नको म्हणाले. मग नको म्हणायचे थांबले, आणि स्वतः फळीवर कागद लावून दिला. वही मांडीवर आहे.

माझ्या अंगावर एकही तीळ नाही. जन्मखूण नाही. मग काय द्यायचं? करंगळीने भागणार नाही. डोळे. दोन डोळे, तिच्या डागांवर, उजव्या बाजूला सरकलेत तिथेच —

डावा झाला.

ढग असून फळीवर उजेड पडलाय. कागद पांढरा होतोय. की फक्त मला —

फोन. ताईचा नाही. तीच आहे, स्वतः. आवाज बसलाय. आग कमी झाली म्हणते, अर्ध्यावर आली अचानक. विचारते तू काय करतोयस.

काम, म्हटलं. फोन ठेवू नकोस. एकच राहिलाय.

बुबुळ काढतोय. ओळ ओळीवर चढतेय बहुतेक, दिसत नाही नीट. तिला म्हटलं पलंगाखालून बाहेर ये. ये गं, काही होत नाही. पडदा ओढ. ओढलास? आता खिडकीशी उभी राहा आणि मला सांग, बाहेर उजेड कसा दिस